जपानी चकती

ज्योत्स्नाने कॉम्प्युटरला पहिल्यांदा हात लावला तो लाल हृदयं उडवण्यासाठी. त्या काळी लग्नाच्या कॅसेटमध्ये नवरानवरीच्या तोंडाभोवती गुलाब फिरायचे, गुलाबांतून हृदयं निघायची आणि हृदयांतून सासूबाई. हृदयातून सासूबाई बाहेर आल्या नाहीत असं एकही लग्न नव्वदच्या दशकात जुन्नर तालुक्यात सापडलं नसतं.

ज्योत्स्ना मूळची लोणीची, आंबेगाव तालुक्याच्या पूर्वेकडची. बारावी झाली आणि जुन्नरच्या नवनाथशी तिचं लग्न लागलं. नवनाथकडे खांद्यावर घ्यायचा व्हिडिओ कॅमेरा होता, अख्खा मांडव दिपवणारा हॅलोजन होता आणि लग्नसराईत मान वर करायला फुरसत नव्हती. फक्त मिक्सिंगसाठी कॅसेटी पुण्याला पाठवाव्या लागत. तिथून त्या कधी महिन्याने यायच्या, कधी दोन महिन्यांनी. एकदा ओतूरच्या लग्नाच्या मधोमध भलत्याच कुणाची तरी मुंज घुसून आली. नवरीचा बाप दुकानात येऊन आरडाओरडा करत होता आणि नवनाथ कॅमेऱ्याची पिशवी छातीशी धरून ऐकत होता. बाप गेल्यावर ज्योत्स्ना म्हणाली, “अहो, ते पुण्यातले लोक काय आभाळातून पडलेत का? मी शिकते मिक्सिंग.”

नारायणगावच्या क्लासात तिला आधी टायपिंग शिकवलं, मग पगारपत्रक. हृदयं कुठेच नव्हती. उरलेलं सगळं ती जुना कॉम्प्युटर घरी आणून, बटणं दाबून दाबून शिकली. दाबता दाबता एकदा एका लग्नातले फेरे पुसले गेले, तेव्हा नवनाथने मूळ कॅसेट शोधून काढेपर्यंत ती जेवली नाही. पण शिकली. तेव्हापासून शूटिंग नवनाथचं आणि मिक्सिंग ज्योत्स्नाचं, अशी वाटणी झाली. बाजारपेठेत पारसमलशेठच्या कापडदुकानाला लागून एक गाळा रिकामा होता, तो त्यांनी शेठकडून भाड्याने घेतला. दारावर पाटी लावली ती मुलीच्या नावाची : कल्याणी व्हिडिओ.

मग कॅसेटी गेल्या आणि सीड्या आल्या. लोक आपली जुनी लग्नं पिशवीत घालून आणायचे आणि म्हणायचे, “ताई, याची सीडी करून द्या.” सीड्या गेल्या, डीव्हीडी आली. तीच माणसं, तेच लग्न, पुन्हा दुकानात. पारसमलशेठ गल्ल्यावर बसून हे सगळं बघायचे. येणाऱ्या गिऱ्हाइकाला सांगायचे, “भटजींनी तुमचं लग्न एकदा लावलं. आमच्या ज्योत्स्नाबाईंनी तीनदा लावलंय. खरा मान त्यांचा.”

या धंद्यात आता नवीन काही यायचं उरलं नाही, असं ज्योत्स्नाला वाटायला लागलं होतं. तेवढ्यात, दोन हजार नऊच्या चैत्रात, लोणीहून द्रौपदाआत्या आली.

द्रौपदाआत्या म्हणजे ज्योत्स्नाच्या वडिलांची थोरली बहीण. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. ती माहेरी परत आली आणि भावाच्या शेतात जितकी राबली त्याच्या दुप्पट वस्तीच्या कामात राबली. लोणीच्या बौद्धवस्तीत विहार बांधायला काढला तेव्हा विटा उतरवायला आत्या, भिंतींना पाणी मारायला आत्या आणि गवंड्याला ‘ही रेघ वाकडी हाय’ म्हणून सांगायलाही आत्याच. मागल्या वर्षी माघ पौर्णिमेला विहाराचं उद्घाटन झालं. भंतेजी आले, मिरवणुकीने बुद्धमूर्ती आली, पाच-सहा गावचे पाहुणे आले. आणि आत्या दिवसभर विहाराच्या मागे, चुलाणावर बुंदी पाडत बसली. एवढ्या माणसांची बुंदी म्हटल्यावर घाणा सोडून उठता येत नाही. मूर्ती कशी बसवली, फुलं कुणी वाहिली, यातलं तिने काही पाहिलं नाही. पंगती उठल्यावर ती विहारात गेली तेव्हा आत सतरंज्या गुंडाळणं चाललं होतं.

त्या दिवशी नवनाथ आणि ज्योत्स्नाने आधीच कळंबच्या एका लग्नाची सुपारी घेतली होती, त्यामुळे त्यांना जाता आलं नाही. विहार समितीने दुसरा शूटिंगवाला आणला, त्याची कॅसेट कोरी निघाली. राहिला फक्त ओकादा.

हा ओकादा जपानचा, शाळेतून निवृत्त झालेला मास्तर. जुन्नरची लेणी बघायला आला होता. त्याच्या भाड्याच्या गाडीचा ड्रायव्हर सावळेराम हा लोणीचाच. तो म्हणाला, साहेब, दोन हजार वर्षांपूर्वीची लेणी बघितलीत, आता आमचा कालचा विहार बघा. ओकादा आला, टोपी घालून, तळहाताएवढा कॅमेरा घेऊन. दिवसभर राहिला आणि संध्याकाळी वाकून वाकून नमस्कार करत गेला. मग वर्षभराने त्याचं पार्सल आलं. आत एक चकती आणि उशीर झाल्याबद्दल माफी मागणारं छोटंसं कार्ड.

“जय भीम, आत्या! अशी अचानक?” ज्योत्स्ना खुर्चीवरून उठली.

“बस मिळाली, आले. आदी पानी दे, मंग ह्ये बघ.”

आत्याने पिशवीतून पोळ्यांचा डबा काढला. डब्यात धुतलेलं फडकं आणि फडक्यात ती चकती.

“गेणू म्हनतो, जपान्यानं रिकामीच धाडली,” आत्या म्हणाली. गेणू म्हणजे गेणभाऊ, विहार समितीचे अध्यक्ष. “सगळ्या वस्तीतल्या मशिनीत घालून बघितली. कुठं चालंना. नो डिक्स, नो डिक्स म्हनतंय. मी साबनानं धुतली. सावळ्याच्या बायकोनं दातांची पेस्ट लावून घासली. न्हाईच! आता तू सांग, इतक्या लांबनं कुनी रिकामं धाडंल व्हय? त्यो मानूस दोनदा बुंदी मागून खाऊन गेलाय.”

साबण आणि पेस्ट ऐकून ज्योत्स्नाने चकती आत्याच्या हातातून काढूनच घेतली. तिने चकती उजेडात धरली. आश्चर्य म्हणजे एक ओरखडा नव्हता. पण पाठ नेहमीसारखी जांभळट नव्हती, काळसर होती, रात्रीच्या आरशासारखी. वर जपानी अक्षरं आणि कोपऱ्यात इंग्रजी बी आणि डी. तिने ती आपल्या कॉम्प्युटरात सरकवली. आत घर्र झालं, थांबलं, पुन्हा घर्र झालं. मग ट्रे आपसूक बाहेर आला आणि पडद्यावर अक्षरं उमटली : कृपया डिस्क घाला.

“बघ,” आत्या म्हणाली. “तुजं बी तसंच.”

“आत्या, मला हे काय आहे ते माहीत नाही,” ज्योत्स्नाने सरळ सांगून टाकलं. “पण माहीत असणारा एक जण आहे.”

पारसमलशेठचा नातू संयम पुण्यात ॲनिमेशनच्या कंपनीत होता. लहानपणी कल्याणी व्हिडिओत बसून तो त्या उडणाऱ्या हृदयांकडे तासन् तास बघत असे, आणि त्याच्या या नोकरीचा दोष शेठ अजून ज्योत्स्नाला देत. तिने फोनवर चकतीचं वर्णन केलं तसा तो हसायला लागला. “काकू, ती ब्लू-रे आहे! कुणी दिली? आमच्या ऑफिसात पण एकच मशीन आहे तिचं.”

तो बराच वेळ समजावत राहिला. फोन ठेवून ज्योत्स्ना आत्याकडे वळली. “रिकामी नाहीये. उलट खच्चून भरलीय. आपल्या डीव्हीडीत असतं त्याच्या पाचपट. चित्र एकदम स्वच्छ, म्हणून अक्षर फार बारीक लिहिलंय. आपल्या मशीनच्या लाल उजेडाला ते वाचता येत नाही, त्याला निळा उजेड लागतो.”

आत्याने क्षणभर विचार केला. “म्हंजे मशिनीचा चष्मा जाड हाय.”

“तसंच समज.”

“मंग बारीक चष्म्याची मशीन गाठ. बुद्ध पौर्णिमेला समदी जमत्यात विहारात. तवर झालं पायजे. मला त्यो सोहळा बघायचाय, पोरी. बाकीच्यांनी बघितलाय. मी न्हाई बघितला.”

एवढं बोलून आत्या परतीच्या गाडीला गेली. चकती डब्यासकट ठेवून.

शनिवारी ज्योत्स्नाने कॉम्प्युटरची लग्नं साठवायची हार्ड डिस्क खोलून काढली, मऊ ओढणीत गुंडाळली आणि पुण्याची एसटी धरली. चाकणच्या खड्ड्यांत गाडी आदळायला लागली तेव्हा तिने ती मांडीवरून उचलून हातांवर तोलून धरली. शेजारच्या बाईने कौतुकाने विचारलं, “किती महिन्याचं?” ज्योत्स्नाने ओढणीचं टोक बाजूला करून दाखवलं. बाईने आपली पिशवी उचलली आणि ती पुढच्या सीटवर जाऊन बसली.

संयमच्या ऑफिसात थंडगार हवा होती आणि सगळे मोज्यांवर फिरत होते. तिथल्या मशीनने चकती एका झटक्यात गिळली, आणि समोर, भिंतीएवढ्या पडद्यावर, लोणी आलं. ज्योत्स्ना उभीच राहिली. पंधरा वर्षं ती लग्नं बघत होती, पण असं चित्र तिने पाहिलं नव्हतं. विहाराच्या नव्या रंगावरचे ब्रशचे फटकारे दिसत होते. लिंबाच्या पानांवरची धूळ दिसत होती. सावळेरामच्या सदऱ्याचं एक बटण वेगळ्या रंगाचं होतं, तेसुद्धा दिसत होतं.

“कॉपी करू?” संयमने विचारलं.

पण तीही सुखासुखी होईना. कॉम्प्युटर म्हणाला, जागा आहे, पण फाइल बसत नाही. संयमने डोकं खाजवलं. “काकू, तुमची डिस्क जुन्या पद्धतीने आखलीय. एवढी मोठी फाइल तिला एका घासात जात नाही. सगळं पुसून नव्याने आखावी लागेल.”

“अरे, त्यात तीन लग्नं आणि एक जावळ आहे!”

मग ती लग्नं आणि ते जावळ आधी संयमच्या मशीनवर पाहुणे म्हणून गेली, डिस्क पुसून नव्याने आखली गेली, चकतीतला सोहळा तिच्यात उतरला आणि पाहुणे पुन्हा आपल्या घरी परतले. तोवर संध्याकाळ झाली. शेवटच्या गाडीला संयम तिला सोडायला आला. “काकू, फाइल मिळाली म्हणजे काम झालं असं समजू नका हां,” तो म्हणाला. “तुमच्या कॉम्प्युटरला ही झेपायची नाही.”

नाहीच झेपली. जुन्नरला येऊन तिने फाइल उघडली, तर एक चित्र यायचं, कॉम्प्युटर दम खायचा, मग दुसरं चित्र यायचं. नवनाथ म्हणाला, “हा काय व्हिडिओ हाय का फोटोंचा अल्बम?” आता उपाय एकच. ते भलंमोठं चित्र लहान करायचं, घरोघरच्या डीव्हीडी प्लेअरला कळेल अशा भाषेत लिहायचं. इंटरनेटवर त्यासाठी फुकटचं सॉफ्टवेअर होतं. तिने ते उतरवलं, फाइल त्याच्या तोंडी दिली. पडद्यावर एक हिरवी पट्टी मुंगीच्या पावलाने सरकायला लागली.

आणि वीज गेली.

त्या उन्हाळ्यात जुन्नरमध्ये विजेचं येणं-जाणं पाहुण्यासारखं झालं होतं. वेळ सांगून जायची आणि न सांगता बाहेरच जास्त राहायची. दुकानात कॉम्प्युटर नीट बंद करता येईल एवढ्यापुरती एक बॅटरी होती. वीज आली की पट्टी पुन्हा पहिल्यापासून. पट्टी अर्ध्यावर गेली की पुन्हा वीज गेली. असं चार-पाच दिवस चाललं. ज्योत्स्नाची चिडचिड इतकी वाढली की एका नवरदेवाला हृदयांऐवजी तिने चुकून पाळणा लावून दिला.

शेवटी वरच्या मजल्यावरून रुक्मिणीबाई खाली आल्या. पारसमलशेठच्या पत्नी. शेठचं जैन कुटुंब दुकानाच्या वरच राहायचं. “ज्योत्स्ना, रोज संध्याकाळी तुझं कपाळाला हात लावणं बघतेय मी. आमच्याकडे इन्व्हर्टर आहे ना! आण ते खोकं वर.”

“काकू, पण दिवसभर चालेल ते. तुमचे पंखे...”

“पंखे बंद ठेवू.”

पंधरा वर्षांत ज्योत्स्ना त्या घराच्या उंबऱ्यापर्यंत शंभरदा गेली असेल. भाडं द्यायला, दिवाळीचा फराळ द्यायला. आत बसायची वेळ कधी आली नव्हती. त्या दिवशी तिने आणि नवनाथने कॉम्प्युटर जिना चढवून नेला आणि रुक्मिणीबाईंनी तो थेट बैठकीच्या खोलीत, देव्हाऱ्याच्या समोरच्या टेबलावर ठेवायला लावला. वीज गेली. पट्टी सरकत राहिली. चैत्रातलं ऊन पत्र्यावर तापत होतं, पंखे थांबलेले होते आणि पारसमलशेठ बनियनवर बसून वर्तमानपत्राने वारा घेत होते.

“जपानी माणसाने एवढं काय शूटिंग केलंय त्यात?” शेठ घाम पुसत म्हणाले. “हे बघितल्याशिवाय मी आता खाली जात नाही.”

दुपार कलताना पट्टी टोकाला पोचली. नवी फाइल तयार झाली. ज्योत्स्नाने ती उघडली. चित्र आता अडखळत नव्हतं, पाण्यासारखं वाहत होतं. फक्त आवाज नव्हता. तिने स्पीकर तपासले, वायर हलवल्या. मूकच.

“असू दे, चित्र तर बघू,” रुक्मिणीबाई पुढे सरकल्या.

सुरुवातीला विहार होता, लोक होते, लांबून येणारी मिरवणूक होती. मग कॅमेरा वळला, विहाराच्या मागे गेला आणि तिथेच राहिला. चुलाण. मोठी कढई. वांगी चिरणाऱ्या बाया. कडेला पडलेला पुऱ्यांचा डोंगर. आणि झारा हातात धरून, पदर कमरेला खोचून, घामाने डबडबलेली द्रौपदाआत्या. ज्योत्स्नाने पुढे ढकललं, आत्या. आणखी पुढे, आत्याच. सोहळा कुठेच दिसेना. आत्याला जे बघायचं होतं तेच यात नव्हतं.

“ही कोण गं?” रुक्मिणीबाईंनी विचारलं.

“माझी आत्या.”

“काय हात आहे! बघा हो, झारा आपटतेय कसा. एक थेंब बाहेर नाही.” रुक्मिणीबाई शेठना दाखवायला लागल्या. मग हळूच, “त्या पातेल्यात लसूण घातलाय ना?”

“घातलाय, काकू.”

“दिसतोय. लांबून बघायला काय जातंय.”

तेवढ्यात पडद्यावर काहीतरी झालं. आत्याने एकाएकी झारा कढईच्या कडेवर ठेवला. आजूबाजूच्या बायाही थांबल्या. आत्याने पदर डोक्यावर घेतला, हात जोडले, डोळे मिटले. तिचे ओठ हलत होते. मग तिने डोळे उघडले, घाईने झारा उचलला आणि पुन्हा बुंदी पाडायला लागली.

“काय म्हणाल्या त्या?” शेठनी विचारलं.

ज्योत्स्नाने मान हलवली. तिला ते समजल्यासारखं वाटत होतं, पण आवाजाशिवाय सांगवेना.

तिने संयमला फोन लावला. तो म्हणाला, आवाज आहेच, पण तुमच्या सॉफ्टवेअरला त्या जातीचा आवाज ऐकू येत नाही. त्याला अजून एक छोटी फाइल जोडा. ती जोडली. पुन्हा पट्टी, पुन्हा बंद पंखे, पुन्हा वर्तमानपत्राचा वारा. दुसऱ्या वेळी आवाज आला, पण उशिरा. झारा आधी आपटायचा आणि खण्ण मागाहून यायचं. रुक्मिणीबाईंनी मांडी बदलली आणि म्हणाल्या, “कर पुन्हा. झालंच आहे तर नीट होऊ दे.” तिसऱ्या वेळी झारा आणि खण्ण एका जागी आले. ज्योत्स्नाने आत्या हात जोडते तो भाग लावला. डोळे पुसले, कॉम्प्युटर बंद केला आणि शेठना म्हणाली, “लावा आता पंखे.”

बुद्ध पौर्णिमेला दुपारी लोणीच्या विहारात वंदना झाली, खीर वाटून झाली आणि सगळी वस्ती टीव्हीपुढे बसली. वीज नव्हती, पण सावळेरामने जनरेटर आणला होता. तो बाहेर धडधडत होता. पुढच्या ओळीत इस्त्रीचे कपडे घालून गेणभाऊ बसले होते. उद्घाटनाच्या दिवशी त्यांनी मोठं भाषण केलं होतं आणि ते त्यात असणार याबद्दल त्यांना शंका नव्हती. आत्या मागे, खांबाला टेकून बसली होती. ज्योत्स्नाने तिला मुद्दाम काही सांगितलं नव्हतं. सांगायचं कसं हेच तिला कळलं नव्हतं.

डीव्हीडी सुरू झाली. मिरवणूक दिसली तशा टाळ्या पडल्या. मग चुलाण आलं. बाया एकमेकींना ढोसायला लागल्या. “अगं, ती बघ तू! कशी दिसतीया!” “ही साळुबाई पुरी खातीया बघा चोरून!” साळुबाईने तोंड पदरात लपवलं. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली, चुलाण काही हलेना.

“आवं, पर सोहळा कुठंय?” आत्या मागून ओरडली. “मला माजं थोबाड रोज दिसतंय की आरशात!”

सगळे हसले. ज्योत्स्ना उठून आत्याजवळ जाऊन बसली. “जरा थांब ना, आत्या.”

तेवढ्यात टीव्हीतून लाउडस्पीकरचा आवाज आला. विहारातला, भिंतीपलीकडून येणारा. “बंधू आणि भगिनींनो...” गेणभाऊ ताठ झाले. त्यांचं भाषण सुरू झालं होतं, पहिल्या शब्दापासून, स्वच्छ. पण पडद्यावर बुंदी तळणं चाललं होतं. गेणभाऊ समाजाच्या वाटचालीबद्दल बोलत होते आणि बुंदी फुगत होती. ते शिक्षणावर आले तेव्हा बुंदी पाकात गेली. समारोपाला साळुबाईने दुसरी पुरी उचलली. विहारात हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. गेणभाऊ आधी रागावले, मग त्यांनाही राहवेना. “आवाज मात्र बेस आलाय राव,” ते म्हणाले.

आणि मग भाषण संपलं. लाउडस्पीकर क्षणभर गप्प झाला. भंतेजींचा आवाज आला, “नमो तस्स भगवतो...” पडद्यावर आत्याने झारा खाली ठेवला. पदर घेतला. हात जोडले. भिंतीपलीकडे सगळा समाज म्हणत होता, आणि भिंतीच्या अलीकडे, कढईच्या धगीत, आत्या आणि त्या सगळ्या बाया म्हणत होत्या. कॅमेरा इतका जवळ होता की भंतेजींपेक्षा आत्याचाच आवाज मोठा येत होता. बुद्धं सरणं गच्छामि. कापरा, पण एकही शब्द न चुकता.

विहारात कुणी हसलं नाही. समोरच्या ओळीतल्या एका म्हाताऱ्याने हात जोडले, मग त्याच्या शेजारच्याने, आणि बघता बघता सगळी वस्ती टीव्हीतल्या आत्याच्या मागोमाग म्हणायला लागली. साधू, साधू, साधू, असं तिकडून आलं आणि इकडूनही गेलं. पडद्यावरच्या आत्याने लगेच झारा उचलला.

खरी आत्या मात्र खांबाला टेकून तशीच बघत राहिली होती.

“मी इसरूनच गेले व्हते,” ती हळू आवाजात ज्योत्स्नाला म्हणाली. “मला वाटायचं, समद्यांनी शरण घेतलं, माजंच राहिलं. अगं, मी चुलाणापासनंच म्हनलं व्हतं की.”

“हो ना, आत्या.”

“आन त्यो जपानी तितं उभा व्हता, मला वाटलं, बुंदी बघतोय.”

संपल्यावर गेणभाऊ पुढे आले. ते काही बोलणार इतक्यात आत्याच म्हणाली, “गेणू, रिकामी व्हय रं चकती?” गेणभाऊंनी कानाला हात लावला आणि सगळ्यांसमोर सांगितलं की विहारात टीव्हीजवळ एक डीव्हीडी कायमची राहील आणि तिच्या वेष्टनावर फोटो आत्याचा असेल. आत्या म्हणाली, फोटो नगं, घाम लई आलाय त्यात. पण तो लागलाच.

बायांनी ज्योत्स्नाला गराडा घातला. प्रत्येकीला आपापली प्रत हवी होती. कुणाकडे डीव्हीडी प्लेअर होता, कुणाच्या लेकाने पेनड्राइव्ह लागणारा नवा प्लेअर आणला होता, एकीच्या जावयाला मोबाइलमध्ये पाहिजे होतं. प्रत्येकासाठी ती फाइल वेगळ्या आकाराची करावी लागणार होती. ज्योत्स्नाने सगळ्यांना हो म्हटलं. एक प्रत तिने रुक्मिणीबाईंना दिली, एक ओकादाला पाठवली. हे चित्र त्याच्याच चित्रापेक्षा पुष्कळ अंधूक आहे हे माहीत असूनही. आत्याचा त्यासोबत बुंदी पाठवायचा आग्रह होता. टपाल खात्याने नकार दिला तेव्हा आत्याने पोस्टमास्तरला बरंच ऐकवलं.

परत येताना मोटारसायकलवर नवनाथ म्हणाला, “आपन गेलो असतो त्या दिवशी, तर मी मूर्ती शूट केली असती, भंतेजी केले असते, गेणभाऊंचं भाषण केलं असतं. पर चुलाण न्हाई.”

“आणि तुम्ही केलं असतंत तरी मी मिक्सिंगला कापून टाकलं असतं,” ज्योत्स्ना म्हणाली. पंधरा वर्षं तिने तेच केलं होतं. स्वयंपाकाचा एखादा शॉट चुकून आला की तो गुलाबाखाली झाकायचा.

त्या सराईपासून त्यांनी सवय बदलली. फेरे झाले, मंगलाष्टकं किंवा वंदना झाली, की नवनाथ कॅमेरा घेऊन मांडवामागे जायला लागला. सुरुवातीला नवरीकडचे कुरकुरले. आचाऱ्याचं शूटिंग कशाला, म्हणाले. पण डीव्हीडी घरी गेल्यावर बाया तोच भाग पुन्हा पुन्हा लावायच्या, कारण निम्म्या घरच्या बाया त्यातच असायच्या. हळूहळू सगळीकडे कळलं. कळंबच्या एका लग्नात नवनाथ मागे पोचला तर पुऱ्या लाटणाऱ्या म्हातारीने लाटणं उगारून त्याला दाराशीच थांबवलं.

“पावणं, जरा दम खा,” ती म्हणाली. “आदी मला घाम पुसू द्या. आन या बाजूनं घ्या, त्या बाजूला माजा दात पडलाय.”